बेचाळीसची जीप

गेल्या महिन्यात मोताळ्याला मामांकडे गेलो होतो. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं आणि बुलढाण्याच्या रस्त्याला लागायचं, की मोताळा. चहा संपायच्या आत मामा मला कडुनिंबाखाली घेऊन गेले. तिथे आमची जीप उभी. लष्करी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, समोर नऊ फटींची जाळी. पुण्याचं एक गिऱ्हाईक येणार होतं आणि गाडी खरंच १९४२ ची असेल तरच त्याला हवी होती.

"लढाईतली हाय हे. तुह्या आज्यानं लिलावात घेतली. तू इंजिनिअर हायेस ना, पाहून सांग."

मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे, हे मामांना अजून पटलेलं नाही. पण जुन्या कोडमध्ये कुठली ओळ कधी घुसडली हे शोधणं माझं रोजचंच काम. म्हटलं, बघू या.

आधी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ६.४ लाख जीप बनवल्या. विलीजची एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. दिसायला जुळ्या बहिणी! पण फोर्डनं आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' अक्षर कोरलं होतं आणि विलीजच्या चासीला पुढे गोल नळी होती. दोन्हींचं स्टीअरिंग डावीकडे. युद्ध संपल्यावर विलीजनं नागरी जीप काढली. तिची जाळी सात फटींची, मागे उघडणारं फाळकं, पेट्रोलचं झाकण बाहेरच्या पत्र्यावर. युद्धाच्या जीपमध्ये ते ड्रायव्हरच्या सीटखाली असायचं.

१९५३ मध्ये सीजे-३बी आली. नव्या इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेटही उंच. आपल्याकडे १९४५ मध्ये मुंबईत 'महिंद्रा अँड मोहम्मद' सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. ही उंच बॉनेटची जीप महिंद्रानं पुढे कित्येक वर्षं बनवली, तीही उजव्या स्टीअरिंगची. खेड्यापाड्यांत आपण पाहिली ती हीच.

आता आमची गाडी. रंग, तारा, जाळी हे सगळं विकत मिळतं, त्यामुळे ती साक्ष बाद. इंजिन कधीच बदलून डिझेल बसवलेलं, तेही बाद. स्टीअरिंग उजवीकडे, पण तेही कुणी बदलू शकतं. मग मी गाडीखाली शिरलो. चासीला गोल नळी नाही, म्हणजे विलीज एमबी नाही. रॉकेलच्या फडक्यानं बोल्ट पुसले, एकावरही 'एफ' नाही. बाहेरच्या पत्र्यावर बोटं फिरवली तर रंगाखाली गोल ठिगळ लागलं. तिथेच पेट्रोलचं झाकण होतं! मागचं फाळकं वेल्डिंग करून बंद केलेलं. आणि काचेखालच्या पत्र्यावर, बॉनेट जिथे टेकतं तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगची रेघ. म्हणजे उंच बॉनेटची गाडी कापून बुटकी केलेली.

शेवटी ट्रंकेतून आरसी बुक काढलं. आता आरसीवरचं वर्ष नोंदणीचं असतं. लढाईतली जीपसुद्धा नंतरच्या सालात नोंदली गेली असू शकते, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर विसंबून चालत नाही. पण इथे चासी नंबर जुळला, मेक महिंद्रा, पहिली नोंदणी १९६८. आणि पहिला मालक एक सरकारी खातं.

"मंग तुहा आजा खोटं बोलला का?" मामांचा चेहरा पडला.

"नाही मामा. लिलाव खरा होता, फक्त तो लष्कराचा नव्हता. लढाई आपण नंतर जोडली."

मामा गप्प. मग हळूच म्हणाले, बॉनेट त्यांनीच कापून घेतलं होतं, वीसेक वर्षांपूर्वी. "बेचाळीसची वाटावी म्हून."

खरी गंमत (की दुःख?) पुढेच आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. आमची गाडी वयात बसते, रूपात नाही. नुसती शेडमध्ये झाकून ठेवली असती तर अर्ज तरी करता आला असता. खोट्या बेचाळीससाठी आम्ही खरं अडुसष्ट कापून टाकलं.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला मामांनी स्वतः फोन करून खरं ते सांगितलं. सौदा मोडला. मला वाटलं, आता मामा माझ्यावर चिडणार. पण संध्याकाळी ते गाडीपाशी उभे राहून त्या वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवत होते.

"काय रे, हे बॉनेट पुन्हा वर उचलता येईन का?"

उद्या मिस्त्रीला विचारायचं ठरलंय. आरसी बुक मात्र मी आत्ताच स्कॅन करून ठेवलं. :)