ताउलचे संत क्लेमेंट देऊळ

मध्ययुगीन ख्रिस्ती वास्तुकलेचा विषय निघाला की भव्य कॅथीड्रलांचीच नावे पुढे येतात. आम्ही वाचकांना एका खेड्यात नेऊ इच्छितो. स्पेनच्या कातालोनियात, पिरेनीज पर्वतातील बोई खोऱ्यात, सुमारे १५०० मीटर उंचीवर ताउल हे गाव आहे. तेथील संत क्लेमेंटच्या देवळाचा समर्पणविधी १० डिसेंबर ११२३ रोजी बिशप रेमंड यांनी केला. वेदीत संत कॉर्नेलियस यांचे पवित्र अवशेष ठेवले, ही नोंद देवळातील खांबावरच रंगाने लिहिलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातील पवित्र मरियेचे देऊळही समर्पित केले. एवढ्याशा गावात, ऐन थंडीत, दोन दिवसांत दोन देवळे!

बांधणी रोमनेस्क, म्हणजे गॉथिकपूर्व शैलीची : जाड दगडी भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, लहान खिडक्या. गोल खांबांच्या दोन रांगांनी आतील जागेचे तीन भाग पडतात. वर साधे लाकडी छप्पर आहे, आणि पूर्वेस तीन अर्धगोल गाभारे. शेजारी सहा मजल्यांचा चौकोनी घंटामनोरा उभा आहे.

मधल्या गाभाऱ्यात सिंहासनस्थ ख्रिस्ताचे भित्तिचित्र होते. त्याच्या हातातील उघड्या ग्रंथावर, आपणच जगाचा प्रकाश असल्याचे त्याचे वचन लॅटिनमध्ये आहे. खाली प्रेषितांसोबत पवित्र मरिया, हातात तेजाचे किरण फेकणारे पात्र घेऊन. आम्हांला मात्र अधिक भावतो तो कमानीवरचा दरिद्री लाजरस. श्रीमंताच्या दाराशी पडलेला, कुत्रा त्याचे फोड चाटतो आहे. गावकऱ्यांना तो परका वाटला नसावा.

‘होते’ असे म्हणावे लागते. त्याच प्रदेशातील मूर येथील देवळाची चित्रे व्यापाऱ्यांनी विकत घेतली आणि १९२१ साली ती अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात गेली. तसे पुन्हा होऊ नये म्हणून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने खोऱ्यातील चित्रे विकत घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे आणि रंगाचा पातळ थर कापडासह सोलून काढायचा, अशी ती पद्धत. १९२३ पर्यंत ताउलचा ख्रिस्त बार्सिलोनास पोहोचला. तो देशाबाहेर गेला नाही, हे उपकारच. परंतु ज्या वेदीसाठी तो रंगवला होता ती वेदी त्याच्याविना राहिली, ही हानी आम्ही लहान मानत नाही.

२००० साली युनेस्कोने या खोऱ्यातील देवळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पुढे २०१३ पासून संत क्लेमेंटच्या गाभाऱ्यात प्रकाशझोताने मूळ चित्र काही मिनिटे भिंतीवर उमटवून दाखवतात. मग झोत विझतो, आणि मूळ रंगाचे भिंतीवर उरलेले थोडेसे अवशेष तेवढे दिसतात.