तलवाड्याचा माळ आणि दुष्काळ

आमच्या देशातील दुष्काळांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंपरेने १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० ते १६३२ चा, १८७६ ते १८७८ चा, १८९९-१९०० चा आणि अगदी अलीकडचा १९७२ चा. या प्रत्येकात माणसे किती मेली, गुरे किती गेली, धान्य कोणत्या भावास विकले आणि राज्यकर्त्यांनी काय केले, याचा हिशेब आपणांस कमीअधिक प्रमाणात मिळतो. परंतु दुष्काळ सरून मृगाचा पाऊस पडला तेव्हा उघड्या माळावर प्रथम काय उगवले, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला. ज्या भूमीवर गुरे जगली आणि गुरांवर माणसे जगली, तिच्या स्वतःच्या आपत्तीची व सावरण्याची हकीकत लिहावयाची राहूनच गेली.

या दृष्टीने आम्ही बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हा गाव समोर ठेवतो. त्वरितादेवीचे स्थान म्हणून तो भाविकांस परिचित आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. नदीकाठी काळी, खोल जमीन. आणि तेथून वर चढत जावे तसा मातीचा थर पातळ होत होत मुरूम उघडा पडतो. या मुरमाड उंचवट्यांसच लोक माळ म्हणतात. बोरी, बाभळी, हिवर, तरवड आणि कोठे कोठे पळस, एवढीच काय ती झाडी. बाकी सारे गवत. पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास. पण सरासरी हा शब्द येथे फसवा आहे, कारण त्या मापाचा पाऊस प्रत्यक्षात एखाद्याच वर्षी पडतो.

असा माळ पाहिला म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या तोंडून एक ठराविक उद्गार निघतो: ‘येथे पूर्वी घनदाट अरण्य होते; दुष्काळांनी आणि कुऱ्हाडीने ते नाहीसे केले.’ दंडकारण्याचे नाव त्याच्या मदतीस असतेच. शास्त्राचाही या समजुतीस बराच काळ आधार होता. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी १९१६ साली असे प्रतिपादिले, की आपत्तीने उघडी पडलेली भूमी ठराविक पायऱ्या चढत शेवटी त्या त्या हवामानास योग्य अशा एका स्थिर वनस्पतिसमूहास पोहोचते. हिंदुस्थानातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले, त्यात दख्खनच्या पठाराचा समावेश शेडा व मारवेल यांच्या गवताळ वर्गात होतो. पण हे गवत म्हणजे अरण्याच्या वाटेवर अडकून पडलेली पायरी, अशीच त्यामागची दृष्टी होती.

आता या दृष्टीस आमच्या मराठी ग्रंथांनीच छेद दिला आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, आख्याने व लोकपरंपरा चाळून त्यांतील रानझाडांची नोंद केली. त्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक झाडे दाट अरण्याची नसून उघड्या, काटेरी, गवताळ रानाची निघाली. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही या पठारावर माळ होताच. संतचरित्रांचा असा उपयोग होईल हे जुन्या टीकाकारांच्या स्वप्नातही आले नसते! असो.

हा माळ जर इतका जुना आहे, तर दुर्गादेवीच्या दुष्काळापासून आजवरचे सारे दुष्काळ त्याने सोसले, हे उघडच आहे. ते कसे सोसले? गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो. वरचे पाते गुराने खाल्ले, वणव्याने जाळले किंवा उन्हाने करपले, तरी ठोंबात जीव असेतो ते पुन्हा फुटते. शेड्यासारखी बहुवर्षायू गवते या ठोंबाच्या बळावर जगतात. कुसळीची तऱ्हा निराळी. तिच्या बीजाला लांब, पीळ दिलेले कुसळ असते; हवेतील ओलाव्याने त्याचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने टोकदार बी गिरमिटासारखे मातीत शिरते. धोतरात कुसळे रुतून बसल्यामुळे वैतागलेल्या वाटसरूने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की तो एका फार जुन्या पेरणीत सापडलेला आहे.

तथापि परत येणारा माळ पूर्वीचाच असतो, असे मात्र नाही. १९३३ नंतरच्या सात-आठ वर्षांत अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर जो भयंकर दुष्काळ पडला, त्याची पाहणी वीव्हर व अल्बर्टसन यांनी वर्षानुवर्षे केली. गंमत अशी, की वीव्हर हे क्लेमेंट्स यांचेच सहकारी. जी गवते त्या भूमीची कायमची धनीण समजली जात, ती विस्तीर्ण प्रदेशावर मेली व त्यांची जागा दुसऱ्या गवतांनी घेतली. पाऊस सुरळीत झाल्यावरही जुनी व्यवस्था परतण्यास पुष्कळ वर्षे लागली. आमच्याकडे याच प्रकारात चराईची भर पडते. दुष्काळात गुरे गवत मुळापर्यंत खातात. मग शेडा व मारवेल हटून कुसळी माजते, आणि तीही हटली म्हणजे एका पावसाळ्यात जन्मून मरणारी हलकी गवते उरतात. जुन्या दुष्काळांत गुरेच मोठ्या संख्येने मरत. त्यामुळे पुढील काही वर्षे माळास विसावा मिळत असावा, असे आमचे अनुमान आहे. ही भरपाई क्रूर होती. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात चारा छावण्यांनी असंख्य जनावरे वाचविली, ते योग्यच झाले. मात्र छावणी मुख्यतः गाईबैलांची, शेळ्यामेंढ्यांचे पोट प्रायः माळावरच राहिले.

आणखी एक फरक आहे, आणि तो आम्हांस सर्वांत चिंतेचा वाटतो. पूर्वी दुष्काळाने जागा मोकळी झाली, तर ती भरण्यास जवळपासचेच बी येई. आता परदेशचे पाहुणे दाराशी उभे असतात. १८७६ चा दुष्काळ चालू असतानाच, १८७७ च्या सुमारास, वेडी बाभूळ दक्षिण हिंदुस्थानात कडप्प्याकडे आणण्यात आली. ती सरपण देते, पाण्यावाचून तगते; तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी सर्वत्र पेरतात. गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले, आणि आज मराठवाड्यातील एकही पडीक कोपरा त्यावाचून नाही. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. म्हणून जितकी चराई अधिक, तितके त्याचे फावते.

१९७२ च्या दुष्काळाने तर भूमीचे पाणीच बदलले. रोजगाराच्या कामांवर लोकांनी पाझर तलाव व रस्ते बांधले, त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले व त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून गेला. कालव्याच्या भिजवणीत ऊस आला. वरच्या माळाकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. जेथे नांगर चालेल तेथे तो नांगरला गेला. दुष्काळातून उठलेले गवत नांगरातून उठत नाही, कारण नांगर ठोंबच उपटतो.

नदीकाठची कथा वेगळी, आणि थोडक्यात सांगता येण्यासारखी. पूर गाळ टाकतो, गाळावर लव्हाळा व हरळी चटकन पाय रोवतात, शेतकरी गाळपेर करतो. तुकोबांचा लव्हाळ्याचा दृष्टान्त वाचकांस आठवेलच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने बीड जिल्ह्यात मात्र कित्येक शेतांची मातीच खरवडून नेली. तेथे लव्हाळाही काय करणार?

माळाकडे परत येऊ. महसुली दप्तरात ज्या जमिनीस पीक नाही तिला पोटखराबा म्हणतात; सरकारी नकाशांतही अशी झुडपी जमीन पडीक गणली जाते. नाव असे पडले, की ती ‘सुधारण्याची’ इच्छा कोणासही व्हावी. राज्यात २०१६ पासून वृक्षलागवडीच्या मोहिमा निघाल्या आणि २०१९ साली संकल्प ३३ कोटींवर गेला. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात झाड लावण्यास आमची ना नाही. परंतु माळास अरण्याची पडकी भिंत समजून तेथे ओळीने खड्डे घेतले जातात, तेव्हा कुदळीच्या घावासरशी शेड्याचे जुने ठोंब निघून कडेस पडतात. लावलेले रोप बहुधा दुसऱ्या उन्हाळ्यातच वाळते, आणि खड्ड्याभोवतीच्या मोकळ्या मातीत पुढील पावसाळ्यात जे प्रथम डोके वर काढते, ते बहुतेक वेळा गाजरगवत असते.