गोळी फुकट आली, पण पुढे काय झालं?

एआरटीच्या गोळ्या घेणाऱ्या बाया आपल्याही गटांत आहेत, म्हणून आज आम्ही मणिपूरचा इतिहास सांगणार आहोत.

मणिपूर म्यानमारला लागून आहे. १९८० नंतर सीमेपलीकडून स्वस्त हेरॉईन तिथे येऊ लागलं. पोरं ते सुईनं टोचून घेत, आणि एकच सुई चार-पाच जणांत फिरे. १९८९-९० मध्ये एचआयव्ही सापडला. वर्षाच्या आतच तपासलेल्या सुईवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये तो निघाला.

मग मार, पोलीस, तुरुंग. काही आईबापांनी तर पोटच्या पोराला स्वतःच तुरुंगात दिलं. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. घरातली भांडीकुंडी नशेपायी विकली गेली की माणूस काय करील? पण धाकानं सुई सुटली नाही, ती लपली.

१९९१ मध्ये इंफाळला व्यसन सोडलेल्या काही तरुणांनीच ‘सासो’ नावाची संस्था काढली. १९९६ मध्ये राज्यानं एड्सचं धोरण केलं. आधी जीव वाचवा, स्वच्छ सुई द्या, व्यसन हळूहळू सोडवा, असा तो विचार होता.

१ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या सहा राज्यांत मणिपूर होतं, आपला महाराष्ट्रही होता. लोकांना वाटलं, आता सुटलो.

पण ही गोळी रोज, वेळेवर, जन्मभर घ्यायची असते. डोस वारंवार चुकले की विषाणू औषधाला जुमानत नाही. आणि ज्याला सकाळी उठावंसंच वाटत नाही, त्यानं गोळीची वेळ कशी पाळायची? नशा उतरली की अंग मोडून येतं, झोप उडते, मन काळवंडतं. त्यात केंद्रावर कुणी ओळखीचं भेटेल ही भीती. अशा माणसाला ‘निष्काळजी’ म्हणणं आम्हाला पटत नाही. उदासी हाही आजारच आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

पुढे हेरॉईनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आली. ती रोज केंद्रावर जाऊन, कर्मचाऱ्यासमोर घ्यायची. तलफ आटोक्यात आली की दिवसाला घडी बसते, मग एआरटीचीही आठवण राहते. रोज कुणीतरी ‘कसा आहेस?’ विचारतं, हेही औषधच की!

बायांचं काय? नवऱ्याकडून आजार आला, नवरा गेला, आणि सासरी दोष सुनेलाच. अशा विधवांनी तिथे आपले गट बांधले. एकमेकींना केंद्रावर नेणं, न आलेलीच्या घरी जाऊन येणं, ही कामं त्या करू लागल्या.

आपल्याकडे कुणाचं मन खचलं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल तर १०९७. एआरटी केंद्रावर समुपदेशक असतात, त्यांना डोस चुकल्याचंही मोकळेपणानं सांगा.