कल्याणची शांबरिक खरोलिका

कल्याण शहराचें नांव निघालें म्हणजे दुर्गाडीचा किल्ला, खाडीवरील शिवछत्रपतींचें आरमार, आणि फार झालें तर पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत या बंदराचा आलेला उल्लेख, एवढ्यावर आपलें इतिहासकथन संपतें. शेजारच्या ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजीं आलेल्या पहिल्या आगगाडीचा मान आहे. डोंबिवलीला असा एखादा मान शोधूनच काढावा लागेल. पण श्रोतेहो, आजच्या माझ्या भाषणाचा विषय कल्याणच्याच एका विसरलेल्या मानासंबंधीं आहे.

हल्लीं कोणत्याहि सुशिक्षित घरांत गेलें कीं एक तक्रार हटकून ऐकावयास मिळते. मुलें पडद्याला खिळलेलीं असतात. हातांतलें यंत्र खालीं ठेवीत नाहींत. तक्रार खरी आहे. परंतु प्रकाशाच्या यंत्रानें माणसास खिळवून ठेवण्याचा उद्योग आपल्याकडे काल-परवां सुरू झाला, हा समज मात्र खरा नाहीं. संध्याकाळ झाली कीं अंधारांत बसून उजळलेल्या चित्रांकडे टक लावण्याचें वेड कल्याणच्या एका कुटुंबानें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं लोकांना लावलें, आणि तेंहि वीज येथें आलेली नसतांना.

या कुटुंबाचे प्रमुख कै. महादेव गोपाळ पटवर्धन. १८९२ सालीं त्यांनीं आपला खेळ लोकांपुढें आणला, आणि पुढें विनायक व रामचंद्र या दोन पुत्रांच्या साह्यानें तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालविला. खेळाचें नांव त्यांनीं ठेविलें ‘शांबरिक खरोलिका’. शंबर नांवाचा असुर मायावी म्हणून पुराणांत प्रसिद्ध आहे. त्याची ती शांबरी विद्या, म्हणजे माया किंवा जादू. इंग्रजीत ज्याला ‘मॅजिक लँटर्न’ म्हणत त्याचेंच हें देशी बारसें. नांव उच्चारतांना जीभ अडखळते, हें मला मान्य आहे. तथापि परदेशचें यंत्र घरांत आणतांना त्याला आपल्या भाषेंत काय म्हणावें याचा विचार करणारा गृहस्थ मला आजच्या जाहिरातदारांपेक्षां अधिक सुसंस्कृत वाटतो.

यंत्र मूळचें युरोपांतील. ख्रिस्तियान ह्युगेन्स या डच शास्त्रज्ञानें १६५९ च्या सुमारास त्याची रचना केली असें मानतात. आंत दिवा, त्यापुढें काचेवर रंगविलेलें चित्र, आणि पुढें भिंग. भिंगामुळें प्रतिमा उलटी पडते, म्हणून चित्र उलटें घालावयाचें, कीं पडद्यावर तें सुलटें आणि प्रचंड होऊन उमटतें. इतकी साधी गोष्ट आहे. परंतु साधेपणा यंत्राचा. चित्रें काढणाराचें काम साधें नव्हतें.

इंग्लंडांत त्या काळीं प्रचलित असलेली काच सव्वातीन इंच चौरस असे. आतां शाळामास्तराच्या संवयीप्रमाणें थोडें गणित करूं. एवढ्या काचेची प्रतिमा तेरा फूट रुंद पडद्यावर टाकावयाची, तर ती अठ्ठेचाळीस पटीनें मोठी होते. काचेवर अर्ध्या इंचाचा काढलेला रामाचा चेहरा पडद्यावर दोन फुटांचा होणार. म्हणजेच कुंचल्याचा एका मिलिमीटराचा घसारा तेथें जवळजवळ दोन इंचांचा होऊन साऱ्या सभेला दिसणार! शिवाय रंग पारदर्शक हवे. कागदावर खुलणारा जाड रंग प्रकाश अडवितो आणि पडद्यावर निव्वळ काळा डाग पडतो. पटवर्धनांच्या काचा हातानें रंगविलेल्या होत्या. त्या रंगवितांना मान किती तास वांकत असेल याचा विचार केला म्हणजे पुढच्या सर्व यंत्रचमत्कारांपेक्षां मला त्या कुंचल्याचेंच नवल वाटतें.

चित्र हलवावयाचें कसें, हा दुसरा प्रश्न. त्याच्या युक्त्या या कलेंत मुरलेल्या होत्या. एका स्थिर काचेवर योद्धा रंगवावा, तिच्यावर सरकणाऱ्या दुसऱ्या काचेवर काळ्या रंगाचे पट्टे ठेवावे. काच ओढली कीं खालचा हात झांकतो आणि उगारलेला हात उघडा पडतो. डोळ्याला वाटतें हातच उचलला. दोन किंवा तीन दिवे जवळजवळ मांडून त्यांचीं चित्रें एकाच जागीं पाडावीं, एक हळूहळू मंद करावें व दुसरें तसतसें उजळावें. दिवसाची रात्र होते, रिकाम्या आकाशांत देव प्रकट होतो. पटवर्धनांनीं एकाहून अधिक दिवे वापरून अशीच हालचालीची भ्रांति साधली, आणि विषय घेतले ते रामायणादि पुराणकथांचे. जोडीला तोंडानें कथन, संवाद आणि पदें. विलायती दिव्यांतून निघालेलें हें संगीत कीर्तनच म्हणा ना. पिंगुळीच्या चित्रकथी लोकांनीं कागदाचें चित्र हातांत धरून कथा गायिली. पटवर्धनांनीं तीच कथा प्रकाशाच्या आधारानें सर्व सभेला एकदम दाखविली. येथें भरलेल्या सभेला यंत्र नवें होतें, पण ऐकणें-पाहणें जुनें होतें, आणि माझ्या मतें खेळाच्या यशाचें हेंच कारण.

हा उद्योग कल्याणांत उगवावा यांत रेल्वेचाहि वांटा असावा असें मला वाटतें. १८५४ च्या मे महिन्यांत गाडी कल्याणपर्यंत आली, आणि पुढें तेथूनच एक फांटा कसाऱ्याकडे व एक कर्जतकडे गेला. मुंबईच्या बाजारांत उतरलेली नवी वस्तु येथल्या माणसास दिवसाउजेडीं जाऊन पाहतां येई, आणि आपला खेळ पेट्यांत भरून घाटावर नेतां येई.

आतां मानाचा प्रश्न. आपल्या चित्रपटाचा इतिहास सांगतांना ७ जुलै १८९६ हा दिवस सांगतात. त्या दिवशीं मुंबईच्या वॉट्सन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचें चलच्चित्र एक रुपया दरानें दाखविण्यांत आलें. नंतर दादासाहेब फाळके आणि ३ मे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. हें सर्व यथार्थ आहे. खरोलिका म्हणजे चित्रपट नव्हे; छायाचित्रांची फीत तींत नाहीं. उगाच स्थानिक अभिमानानें तिला सिनेमाची जननी ठरवूं नये. परंतु अंधारांत एकत्र बसून पांढऱ्या पडद्यावर आपले राम-सीता पाहणारा प्रेक्षक फाळक्यांना आयता मिळाला, आणि तो घडविणारांत पटवर्धन होते, एवढें तरी पाठ्यपुस्तकांत यावयास हवें होतें. मीं शिकविलेल्या एकाहि पुस्तकांत तें नव्हतें.

एक योगायोग सांगावासा वाटतो. कल्याणांत हा खेळ उभा राहण्याच्या तीनच वर्षें आधीं, १८८९ सालीं, जपानांतील क्योटो शहरीं एक दुकान निघालें. तेथें फुलांचीं चित्रें असलेले, अठ्ठेचाळीस पानांचे पत्ते हातानें तयार होत. आमच्या सावंतवाडीचा एकशेंवीस पानांचा दशावतारी गंजिफा ज्यानें पाहिला असेल, त्याला हा व्यवसाय ओळखीचा वाटेल. त्या दुकानाचें नांव निन्टेन्डो. पत्ते करणाऱ्या त्याच घराण्यानें १९८३ सालीं दूरदर्शन-संचास जोडावयाचें खेळाचें यंत्र बाजारांत आणलें, आणि १९८५ त मारिओ नांवाचा नळकारागीर जगभर उड्या मारूं लागला. त्या यंत्राच्या नकला १९९० नंतर डोंबिवलीपर्यंत पोंचल्या. तासाच्या भाड्यानें खेळ मिळूं लागले, आणि माझ्या वर्गांतील मुलें वहीच्या मागच्या पानावर कोठें उडी मारावी याचे नकाशे काढूं लागलीं. कॅसेटीवर हजारों खेळ असल्याचें छापलेलें असे; मोजून पाहतां वीसहि भरत नसत!

पटवर्धनांच्या सभेंत काच सरकविणारा हात खेळ करणाराचा होता. राम धनुष्य केव्हां उचलणार हें त्याच्या हातीं. मारिओच्या खेळांत तो अधिकार पाहणाराच्या अंगठ्याकडे आला. मुलास यंत्र खालीं ठेववत नाहीं, त्याचें मूळ मला येथें दिसतें. केवळ रंग किंवा गोंगाट यांत नव्हे. मात्र या अदलाबदलींत सभा गेली. संध्याकाळच्या कल्याण गाडींत चढून पाहा: डब्यांत माणसें उभीं राहावयास जागा नाहीं, आणि जो तो आपापला वेगळा पडदा पाहत आहे.

पटवर्धनांच्या काचा मात्र शिल्लक राहिल्या. घराण्यानें त्या जपल्या, आणि पुढील पिढ्यांना त्या दाखवितांहि आल्या. यांत काचेचा एक गुण कामीं आला. दिवा नसो, भिंग नसो, ती खिडकीच्या उजेडासमोर धरली कीं चित्र दिसतें. माझ्या विद्यार्थ्यांच्या कॅसेटी आज कोणाच्या माळ्यावर सांपडल्या, तर यंत्रावांचून त्यांतून मारिओ कांहीं बाहेर येणार नाहीं.