यमुनेच्या बेटावरील गड

दिल्लीच्या लाल किल्ल्याला लागून, उत्तरेच्या अंगास, एका कमानदार पुलापलीकडे अनघड दगडांचा काळवंडलेला तट उभा आहे. हा सलीमगड. लाल किल्ला पाहून परतणाऱ्या प्रवाशाचे लक्ष तिकडे सहसा जात नाही. गेलेच तर हा शहाजहानच्या किल्ल्याचाच मागला भाग असावा, असा त्याचा समज होतो. वास्तविक दोहोंत वडील सलीमगडच. लाल किल्ल्याचा पाया १६३९ साली घातला गेला, तेव्हा हा गड यमुनेच्या पात्रातील बेटावर नव्वदांहून अधिक वर्षे उभा होता.

शेरशहा सूराचा पुत्र सलीमशहा याने १५४६ साली तो बांधावयास घेतला. पिटाळलेला हुमायून परत येईल, ही धास्ती त्यामागे होती. परंतु तटापलीकडे काम फारसे सरकण्यापूर्वीच सलीमशहा वारला, आणि १५५५ साली हुमायून खरोखरच दिल्लीस आला. वैऱ्याचे नाव कानी पडू नये म्हणून त्याने गडास ‘नूरगड’ म्हणण्याचा हुकूम केला, असे सांगतात. लोकांनी तो किती मानला, हे आजच्या नावावरून दिसतेच!

शत्रूला बाहेर ठेवणारे पाणी माणसाला आत कोंडण्यासही उपयोगी पडते. हे ओळखले औरंगजेबाने. सामूगढच्या लढाईत ज्याच्या तलवारीवर विसंबला, त्या मुरादबक्षालाच त्याने १६५८ साली येथे आणून ठेवले. मुरादला पुढे ग्वाल्हेरीस हलविले आणि १६६१ साली तेथेच ठार केले.

पण सलीमगडाची खरी बंदिवान म्हणजे औरंगजेबाची थोरली मुलगी झेबुन्निसा. १६८१ साली शहाजादा अकबराने बापाविरुद्ध बंड केले. ते फसले, आणि अकबर दक्षिणेत छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. मराठी माणसास कथेचा हा भाग ठाऊक असतो. बहिणीचा भाग मात्र बहुधा नसतो. भावाशी तिचा पत्रव्यवहार सापडला. तिचा तनखा बंद झाला, मालमत्ता जप्त झाली आणि ती सलीमगडात आली. पुढे १६८७ साली अकबर कोकण किनाऱ्यावरून जहाजाने इराणकडे निघून गेला. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला. बापाची छावणी दक्षिणेतून हलेना. यमुनेकाठी ही विदुषी मात्र, वीसएक वर्षांनी १७०२ साली मृत्यू येईपर्यंत, बंदीतच राहिली. ती फारसीत ‘मख्फी’, म्हणजे लपलेली, या नावाने काव्य करी. ते नाव तिने कैदेपूर्वीच घेतलेले असावे. दैवाने त्यास नंतर अर्थ पुरविला.

इंग्रजी अमलात, १८६०-७० च्या दशकात, यमुनेवर लोखंडी पूल झाला आणि आगगाडीचा रस्ता या गडाच्या अंगातूनच काढण्यात आला. कैदखाना मात्र मोडला नाही. १९४५ साली आझाद हिंद फौजेचे सैनिक येथे डांबले गेले. त्यांच्या स्मरणार्थ गडास पुढे स्वातंत्र्यसेनानी स्मारक म्हणू लागले.

दरम्यान यमुना पूर्वेकडे सरकली, बेट जमिनीला मिळाले आणि नदीच्या जुन्या जागेतून वाहनांचा हमरस्ता धावू लागला. जुलै २०२३ मध्ये मात्र यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. तो रस्ता बुडाला, आणि काही दिवस पाणी पुन्हा तटाला येऊन भिडले.