नमुनादर आणि चॅनेलसंख्या : बहुचॅनेल डिजिटल ध्वनिमुद्रणाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ध्वनीचे अंकांत रूपांतर करताना ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ठरावीक वेळा मोजली जाते. या मोजणीच्या गतीस नमुनादर म्हणतात. अनेक मायक्रोफोनचे ध्वनी एकाच वेळी स्वीकारणाऱ्या बहुचॅनेल रूपांतरकांत हा दर वाढविला की चॅनेलसंख्या घटते, असा अनुभव वारंवार येतो. या तडजोडीचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नमुनादराची निश्चिती

हॅरी नाइक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या विवेचनानुसार, ध्वनीतील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुनादर पुरेसा असतो. मानवी श्रवणाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असल्याने ४० किलोहर्ट्झहून थोडा अधिक दर आवश्यक ठरला. मात्र १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा ४४.१ हा नेमका आकडा व्हिडिओ फितीने दिला. त्या काळी अंकीय ध्वनी व्हिडिओ फितीवर साठविला जाई. प्रतिसेकंद ६० क्षेत्रे, प्रत्येकी २४५ रेषा व प्रतिरेषा ३ नमुने यांचा गुणाकार ४४,१०० होतो. म्हणजे गरज कानाने सांगितली, आकडा माध्यमाने ठरविला.

चॅनेलसंख्येवरील परिणाम

अमेरिकेतील अलेसिस कंपनीने १९९१ मध्ये ॲडॅट ही आठ चॅनेलची मुद्रणयंत्रणा सादर केली. तिची प्रकाशतंतू जोडणी ४८ किलोहर्ट्झ दराने २४ बिटांचे आठ चॅनेल, म्हणजे सेकंदाला ९२.१६ लक्ष बिट ध्वनी वाहून नेते. पुढे ९६ किलोहर्ट्झची मागणी आली तेव्हा जोडणी तीच ठेवून एका चॅनेलचे लागोपाठचे दोन नमुने दोन चॅनेलांच्या जागांत विभागण्यात आले. या ‘एस-मक्स’ पद्धतीत ९६ किलोहर्ट्झला चार व १९२ किलोहर्ट्झला दोनच चॅनेल उरतात.

डीव्हीडी-ऑडिओतही हेच घडले. ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटांच्या सहा चॅनेलांना सेकंदाला १३८.२४ लक्ष बिट लागतात. तबकडीची मर्यादा ९६ लक्ष होती. त्यामुळे मूळ माहिती न गमावता संकोचन करावे लागले. १९२ किलोहर्ट्झ दर तर दोन चॅनेलांपुरताच मर्यादित राहिला.

लाभाचा प्रश्न

उच्च दरामुळे गाळणी सौम्य ठेवता येते, हा त्याचा प्रमुख युक्तिवाद. परंतु आधुनिक डेल्टा-सिग्मा रूपांतरक आतल्या आत कितीतरी अधिक गतीने नमुने घेतात. त्यामुळे या युक्तिवादाचे बळ कमी झाले आहे. मेयर व मोरन यांच्या २००७ च्या चाचण्यांत श्रोत्यांना उच्च दर्जाचे मुद्रण व कॉम्पॅक्ट डिस्कचा दर्जा यांतील फरक ओळखता आला नाही. रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात अचूक उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के, म्हणजे केवळ अंदाजाने मिळणाऱ्या ५० टक्क्यांहून किंचितच अधिक आढळले.

निष्कर्ष

नमुनादराचा निर्णय कार्यानुसार घ्यावयास हवा. जुन्या दोन चॅनेलच्या फितींचे जतन करताना चॅनेल गमवावे लागत नाहीत आणि मूळ फीत दिवसेंदिवस जीर्ण होत असते; म्हणून तेथे ९६ किलोहर्ट्झ दर समर्थनीय ठरतो. याउलट, एकाच ॲडॅट जोडणीवर आठ मायक्रोफोनांचे मुद्रण करताना दर दुप्पट केल्यास चार मायक्रोफोन सोडावे लागतात. तेथील हानी निश्चित असते, लाभ मात्र संदिग्ध. यंत्रावर छापलेला सर्वोच्च आकडा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.