वस्तरा पाजवणे : ओली पथरी, कोरडी पथरी

१. न्हाव्याच्या धोकटीतील पथरी बारीक, घट्ट कणांच्या दगडाची असते. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या परिसरात मिळणारा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, विळ्या-कोयत्यांना चालतो. वस्तऱ्याला तो भरड पडतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून पाते सरकवतात. त्यामुळे कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, हाताच्या अंदाजावर राहत नाही. पाणी लावतात ते पाते थंड ठेवायला, ही समजूत चुकीची. हाताने घासताना तेवढी उष्णता होतच नाही. सुटलेली पोलादाची पूड पाण्याबरोबर निघून जाते, हे खरे कारण. कोरड्या दगडात ती छिद्रे बुजवते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि धार लागेनाशी होते. पाण्यात दगडाच्या सुट्या कणांचा पातळ चिखल झाला की काम झपाट्याने होते, पण तेच कण धारेच्या टोकाशी आपटून ती किंचित बोथट करतात. म्हणून शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर. बेल्जियमची गार्नेटयुक्त पिवळी पथरीही अशीच वापरतात. अमेरिकेतील आर्कान्सा दगडाला मात्र बहुधा तेल लावतात. चामड्याचा पट्टा तेवढा कोरडाच, आणि त्यावर पाठ पुढे, धार मागे.